विमानाच्या धुरावर कर लागला तर तिकीट किती महागेल?

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. उलवे, पनवेल, खारघर इथल्या लोकांना आता मान वर केली की विमान दिसतं. पहिल्या टप्प्यात वर्षाला २ कोटी प्रवासी आणि सगळे टप्पे झाले की ९ कोटी, एवढी या विमानतळाची क्षमता ठरली आहे. इतकी वर्षं सांताक्रूझ-अंधेरी गाठायला पहाटे तीनला घर सोडणाऱ्या ठाणेकरांना आणि पनवेलकरांना त्याचं अप्रूप वाटणं साहजिकच आहे.

त्याचबरोबर आणखी एक बातमी अधूनमधून कानावर येते: २०२७ पासून भारतीय विमान कंपन्यांना परदेशी उड्डाणांच्या कार्बनचा हिशेब द्यावा लागणार, युरोपात विमानांवर कार्बनचा भार वाढला, ब्रिटनने तिकिटावरचा कर पुन्हा चढवला. मग लोक विचारतात, आता कुठे विमान परवडायला लागलं होतं, तेवढ्यात हा नवा कर कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र बहुतेक जण जिथे शोधतात तिथे सापडत नाही. कारण आपण भारतीय लोक विमानाच्या इंधनावर आजही भरपूर कर भरतो. तो चुकीच्या पद्धतीने आणि चुकीच्या प्रवाशाकडून घेतला जातो, एवढंच.

आधी धुराचा हिशेब

विमानाचं इंधन म्हणजे जास्त शुद्ध केलेलं रॉकेल. या धंद्यात त्याला एटीएफ म्हणतात. एक किलो एटीएफ जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. किलोभर इंधनातून तीन किलो वायू निघतो, कारण इंधनातला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि वजन त्या ऑक्सिजनचं वाढतं.

आता मुंबई परिसरातून दिल्लीला जाणारं नेहमीचं विमान घ्या. दोन तासांच्या या उड्डाणात एअरबस ए-३२० निओ जातीचं विमान पाच टनांच्या आत-बाहेर इंधन जाळतं. म्हणजे सुमारे १५ टन कार्बन डायऑक्साइड. आत १६० प्रवासी धरले तर माणशी ९५ किलोच्या जवळपास. लंडनला जायचं तर साध्या वर्गातल्या प्रवाशाच्या वाट्याला एकेरी प्रवासात साधारण अर्धा टन येतो.

जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. उंचावर सोडलेली वाफ, त्यातून तयार होणारे पांढरे पट्टे आणि नायट्रोजनचे वायू जमेस धरले तर तापमानवाढीतला वाटा साडेतीन टक्क्यांपर्यंत जातो. आकडा लहान दिसतो, पण त्यावर समाधान मानता येत नाही. रिक्षा बॅटरीवर आली, बस आली, वीज सूर्यावर आली. शेकडो माणसं घेऊन समुद्र ओलांडणाऱ्या विमानाला मात्र बॅटरीचं वजन झेपत नाही. बाकीच्यांचा धूर कमी होत जाईल तसा विमानांचा टक्का वाढतच जाणार.

कार्बन कर म्हणजे काय

कार्बन कर म्हणजे बाहेर सोडलेल्या प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडमागे ठरावीक रक्कम. यामागचा विचार ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० साली मांडला: एखाद्याच्या व्यवहाराची झळ तिसऱ्याला बसत असेल आणि ती किमतीत धरलेली नसेल, तर कराच्या रूपाने ती किमतीत आणावी. विमानाच्या धुराने वाढलेल्या उष्म्याची झळ रायगडच्या भातशेतीला बसते, तिकिटाच्या किमतीत ती कुठेच नसते.

तिकिटावर सरसकट कर लावणं आणि कार्बनवर कर लावणं, यातला फरक आपल्या सोसायट्यांना चांगला ठाऊक आहे. पाण्याचं बिल सगळ्या फ्लॅटांत सारखं वाटलं तर नळ गळत असला तरी कोणी प्लंबरला बोलावत नाही. प्रत्येक फ्लॅटला मीटर बसवा, पुढच्या महिन्यात वॉशर बदलले जातात. तिकिटावरचा कर हा सरसकट वाटलेल्या बिलासारखा आहे, इंधनावरचा कार्बन कर मीटरसारखा.

खारघरला आमच्या शेजारच्या काकूंची मुलगी मँचेस्टरला शिकते. तिच्या परतीच्या तिकिटाचा तपशील काकूंनी मोबाइलवर उघडून दाखवला. मूळ भाडं, इंधन अधिभार, विमानतळ शुल्क आणि त्याखाली 'एअर पॅसेंजर ड्युटी'. ब्रिटनमधून उडणाऱ्या प्रवाशांवर १९९४ पासून हा कर आहे. भारतापर्यंतच्या अंतराच्या टप्प्याला साध्या वर्गात तो एप्रिल २०२६ पासून १०२ पौंड झाला, म्हणजे बारा हजार रुपयांच्या पुढे. काकूंचा प्रश्न सरळ होता: "एवढे पैसे घेऊन ते धूर कमी करतात का?" फारसा नाही. ज्या देशात जायचं त्याची राजधानी लंडनपासून किती दूर आहे त्यावर हा कर ठरतो. विमान जुनं, भसाभस इंधन पिणारं असो की नवं, काटकसरी असो, कर तोच. मग चांगलं विमान विकत घेण्यासाठी कंपनीने जिवाचा आटापिटा का करावा?

इंधनाला सूट कशी मिळाली

१९४४ साली शिकागोत जगातल्या देशांनी नागरी विमान वाहतुकीचा करार केला. दुसरं महायुद्ध अजून चालू होतं आणि नव्या धंद्याला हात द्यायचा होता. करारातल्या २४ व्या कलमाने ठरवलं की विमान टाकीत जे इंधन घेऊन दुसऱ्या देशात उतरेल त्यावर तिथे जकात लावायची नाही. पुढे देशादेशांच्या आपसांतल्या करारांनी ही सूट विमानतळावर भरलेल्या इंधनापर्यंत वाढवली. परिणाम असा की ट्रकचं डिझेल, रिक्षाचा सीएनजी, सगळ्यांवर कर. आंतरराष्ट्रीय विमानाच्या इंधनावर जगभर जवळपास शून्य.

आपण आधीच भरतो तो कर

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण सगळी मेख इथे आहे.

भारतात एटीएफ जीएसटीच्या बाहेर आहे. देशांतर्गत उड्डाणाच्या इंधनावर केंद्र सरकार उत्पादन शुल्क घेतं, जे २०१८ मध्ये ११ टक्के झालं. त्यावर राज्याचा व्हॅट. राज्याराज्यांत तो एक टक्क्यापासून तमिळनाडूसारख्या राज्यात २९ टक्क्यांपर्यंत आहे. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगड जिल्ह्यासाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. नवी मुंबईचं विमानतळ पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात येतं. तेव्हा उड्डाण सुरू व्हायला पावणेतीन वर्षं होती, पण नव्या विमानतळाच्या इंधनाच्या भावाची तयारी त्या एका ओळीने झाली.

आता हिशेब करू. एक किलोलीटर एटीएफ, म्हणजे हजार लिटर, जळलं की अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो. समजा व्हॅट लागण्याआधी किलोलीटरचा भाव ७० हजार रुपये आहे. त्यात उत्पादन शुल्काचे सात हजार धरलेलेच आहेत. वर १८ टक्के व्हॅट म्हणजे १२,६०० रुपये. दोन्ही मिळून साडेएकोणीस हजार. अडीच टनाने भागलं की टनामागे ७,८०० रुपये होतात.

युरोपच्या कार्बन बाजारात, म्हणजे जिथे कंपन्या धूर सोडायचे परवाने विकत घेतात तिथे, २०२५ मध्ये टनाचा भाव साधारण ६० ते ८५ युरोंच्या दरम्यान राहिला. रुपयांत सहा ते साडेआठ हजार. म्हणजे दिल्लीला जाणारा ठाण्याचा प्रवासी, नाव काहीही असो, युरोपच्या तोडीचा भार आजच इंधनाच्या किमतीतून उचलतो. ९५ किलोच्या मानाने ते सातशे-साडेसातशे रुपये होतात. त्याच धावपट्टीवरून लंडनला निघालेल्या प्रवाशाच्या विमानातलं इंधन निर्यात समजलं जातं, त्यावर उत्पादन शुल्कही नाही आणि व्हॅटही नाही. पाचपट धूर, आणि इंधनावरचा कर शून्य. कुठल्याही राज्यकर्त्याने मुद्दाम ठरवून हे केलेलं नाही, जुन्या करारांतून आणि महसुलाच्या गरजेतून ते साचत गेलं. पण ते न्याय्य नाही, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

दुसरी अडचण आणखी खोल आहे. व्हॅट टक्केवारीने लागतो, म्हणजे भावावर लागतो. खनिज तेल महागलं की कर आपोआप वाढतो, स्वस्त झालं की घटतो. धुराशी त्याचा काही संबंध नाही. आणि उद्या एखाद्या कंपनीने दुप्पट-तिप्पट भावाचं स्वच्छ इंधन घेतलं आणि त्यावरही अशीच टक्केवारी लावली, तर कमी धूर करणाऱ्याला जास्त कर पडेल. टनावर लावलेल्या करात हे होत नाही. कार्बन कमी तर कर कमी.

म्हणून मला वाटतं की भारतातली खरी चर्चा "नवा कार्बन कर आणायचा का" इथून सुरू होऊ नये. असलेल्या व्हॅटचं आणि उत्पादन शुल्काचं रूपांतर टनावरच्या करात करता येईल का, आणि परदेशी उड्डाणं त्यात कशी येतील, इथून ती सुरू व्हावी. देशांतर्गत प्रवाशाला त्यात एक रुपयाही जास्त मोजावा लागायचं कारण नाही.

कराचा बोजा नेमका कोणाच्या खांद्यावर

तरीही समजा, आजच्या करांवर टनामागे आणखी ५,००० रुपये लावले. दिल्लीच्या तिकिटावर पावणेपाचशे रुपये, लंडनच्या एकेरी तिकिटावर अडीच हजार. दिवाळीच्या आठवड्यात आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात तिकिटाच्या भावात जो फरक असतो, त्याच्यापुढे हे काहीच नाही.

पण कर लागला म्हणजे तो पूर्ण तिकिटात येईलच असं नाही. जुन्या मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. जागा कमी आणि मागणी जास्त, म्हणून तिथलं भाडं खर्चावर ठरत नाही, टंचाईवर ठरतं. प्रवासी जास्तीत जास्त जेवढं देईल तेवढं कंपनी आधीच घेत असते. अशा ठिकाणी कर लागला तर त्याचा मोठा भाग कंपनीच्या नफ्यातून जातो. नवी मुंबई सुरू झाल्यावर टंचाई कमी होत जाईल, कंपन्यांत स्पर्धा वाढेल, भाडं खर्चाच्या जवळ येईल, आणि मग करही जास्त प्रमाणात तिकिटात उतरेल. प्रवाशाच्या दृष्टीने एकूण सौदा तरीही फायद्याचा, कारण टंचाईचा दर गेलेला असेल.

किती लोक प्रवास टाळतील? ऑफिसच्या कामाला जाणारा सहसा टाळत नाही, पैसे कंपनीचे असतात. सुटीला जाणारा बेत बदलतो: गोव्याला विमानाने जाण्याऐवजी वंदे भारतने जातो. जून २०२३ पासून मडगावची वंदे भारत ठाण्याला आणि पनवेलला थांबते, आणि कोकण रेल्वेचा मार्ग मार्च २०२२ मध्ये पूर्ण विजेवर आला. जिथे असा पर्याय आहे तिथे कर काम करतो. दिल्लीला किंवा गुवाहाटीला जाणाऱ्याला तो पर्याय नाही. त्याच्या बाबतीत कर प्रवास थांबवणार नाही. कंपनीला कमी इंधनात उडणारं विमान घ्यायला, जागा भरून न्यायला आणि घिरट्या कमी करायला लावेल एवढंच.

ज्यांची जमीन या विमानतळाला गेली, त्या गावांतल्या मुलांच्या नोकऱ्यांचं काय, हा प्रश्न मी हलका मानत नाही. उलव्याची टेकडी सपाट झाली, दहा गावांनी जागा सोडली, आणि विमानतळ वाढला तरच त्यांच्या घरात पगार येणार. पण भारतात देशांतर्गत प्रवाशांची संख्या २०२४ मध्ये १६ कोटींवर गेली आणि ती वाढतेच आहे. या आकाराच्या कराने वाढीचा वेग थोडा मंदावेल, वाढ थांबणार नाही.

वाशीच्या भेंडीचं काय होईल

प्रवाशांची चर्चा होते, मालाची होत नाही. मला काळजी मालाचीच जास्त वाटते.

वाशीला राज्याच्या कृषी पणन मंडळाचं विकिरण केंद्र आहे, म्हणजे फळांतली कीड किरणांनी मारायची सोय. अमेरिकेला जाणारा हापूस तिथे विकिरण करून, अमेरिकेच्या निरीक्षकांच्या नजरेखालून विमानाने जातो. मुंबई-न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर. एक किलो आंबा तिथे पोहोचवायला साधारण सात किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तीन किलोच्या पेटीमागे २१ किलो, आणि टनाला ५,००० च्या दराने शंभर-सव्वाशे रुपये. अमेरिकेतलं गिऱ्हाईक त्या पेटीला जे डॉलर मोजतं त्यात हे खपून जाईल.

भेंडीचं तसं नाही. वाशीहून भेंडी, दुधी, कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा विमानाने लंडनला जातात, बहुतेक वेळा प्रवासी विमानाच्याच पोटातून. लंडनपर्यंत किलोमागे चार किलोच्या वर कार्बन, म्हणजे कराचे वीस-बावीस रुपये. शेतकऱ्याच्या हातात किलोला तीस-चाळीस रुपये पडत असतील तर हे बावीस रुपये कोण सोसणार? लंडनच्या दुकानदाराकडे दुसऱ्या देशाची भेंडी असते. तो भाव वाढवून देणार नाही. निर्यातदार आपला वाटा सहज सोडणार नाही. उरतो शेतकरी. कर कोणाच्या नावावर लावला याला महत्त्व नाही; ज्याला दुसरीकडे जाता येत नाही त्याच्यावर तो येऊन पडतो.

याला उपाय आहेत. आंब्याच्या बाबतीत २०२२ मध्ये पणन मंडळाने भाभा अणुसंशोधन केंद्राचं तंत्र वापरून जेएनपीटी बंदरातून समुद्रमार्गे अमेरिकेला माल पाठवून पाहिला. टिकाऊ मालाला हा रस्ता खुला करायला शीतसाखळी लागते, पैसा लागतो. कराचा पैसा आला तर त्यातला काही भाग वाशी ते न्हावा-शेवा या रस्त्यावर खर्च झाला पाहिजे. भेंडी समुद्रात वीस-पंचवीस दिवस टिकणार नाही. तिच्यासाठी सवलतीचा काळ द्यावा लागेल.

"लोक दुसऱ्या विमानतळावर जातील"

ही शंका खरी ठरलेली आहे. नेदरलँड्सने जुलै २००८ मध्ये तिकिटावर कर लावला: जवळच्या प्रवासाला ११.२५ युरो, लांबच्या प्रवासाला ४५ युरो. डच प्रवासी गाडी काढून जर्मनीतल्या आणि बेल्जियममधल्या विमानतळांवर जाऊ लागले. वर्षभरात सरकारने कर मागे घेतला. २०२१ मध्ये पुन्हा आणला, तोवर जर्मनीनेही कर लावलेला होता.

आपल्याकडे ठाण्याचा माणूस व्हॅट वाचवायला सुरतेहून विमान पकडणार नाही. पण विमान स्वतः ते करतं. ज्या राज्यात व्हॅट कमी तिथे टाकी गरजेपेक्षा जास्त भरून घ्यायची आणि महाग राज्यात न भरताच परतायचं, याला धंद्यात 'टँकरिंग' म्हणतात. जादा इंधन वाहायला जादा इंधन जळतं. म्हणजे राज्याराज्यांतला कराचा फरक आज धूर वाढवतो आहे. देशभर टनाला एकच दर असला तर हे आपोआप थांबेल.

परदेशी उड्डाणांची गोष्ट वेगळी. एकट्या भारताने युरोपच्या थेट विमानांवर कर लावला तर प्रवासी दुबई किंवा दोहामार्गे जाईल. रस्ता लांबेल, उड्डाणं दोन होतील, इंधन जास्त जळेल आणि धंदा आखाती कंपन्यांकडे जाईल. म्हणून हा कर जगाने मिळून लावावा लागतो, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

"धूर त्यांचा, भुर्दंड आपल्याला?"

२०१२ मध्ये युरोपने त्यांच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या विमानांना आपल्या कार्बन बाजारात ओढलं. मुंबईहून लंडनला जाणारं विमान इराणवर असतानाही त्याच्या धुराचे पैसे युरोपला द्यायचे. भारत आणि चीन आडवे गेले, भारत सरकारने आपल्या कंपन्यांना माहितीसुद्धा देऊ नका असं सांगितलं. वर्ष संपायच्या आत युरोपने माघार घेतली आणि नियम युरोपातल्या उड्डाणांपुरता ठेवला. तिथे तो आता चांगलाच कडक झाला आहे. विमान कंपन्यांना फुकट मिळणारे परवाने २०२६ पासून बंद.

भारताने तेव्हा विरोध केला ते बरोबर होतं असंच मला वाटतं. धूर हवेत वर्षानुवर्षं साठत गेला आहे आणि तो साठवण्यात आपला वाटा लहान आहे. शिवाय तो पैसा युरोपच्या तिजोरीत जाणार होता.

यातून पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, २०१६ मध्ये 'कोर्सिया' ही योजना मंजूर केली. हा कर नाही. २०१९ च्या ८५ टक्के ही पातळी ठरवली आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांचा कार्बन तिच्यावर जितका जाईल, तितकी क्रेडिट विमान कंपन्यांनी विकत घ्यायची. क्रेडिट म्हणजे दुसरीकडे कुठेतरी टाळलेल्या किंवा शोषलेल्या एक टन कार्बनचं प्रमाणपत्र. पहिली पात्र क्रेडिट दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलाची होती. २०२६ पर्यंत सहभाग ऐच्छिक आहे, २०२७ पासून बंधनकारक, आणि भारत तेव्हा आत येतो.

यात आपल्या बाजूची एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. २०३२ पर्यंत प्रत्येक कंपनीची जबाबदारी तिच्या स्वतःच्या वाढीवर ठरत नाही, जगातल्या सगळ्या कंपन्यांच्या मिळून झालेल्या वाढीवर ठरते. भारतीय कंपन्या सरासरीपेक्षा वेगाने वाढत आहेत, म्हणून त्यांना तुलनेने कमी भरावं लागेल. कमकुवत बाजूही आहे: क्रेडिट स्वस्त आहेत, जंगल खरंच वाचलं का हे तपासणं अवघड आहे, आणि क्रेडिट घेऊन विमानाचा स्वतःचा धूर एक किलोनेही कमी होत नाही.

"सामान्य माणसाचं विमान काढून घेताय"

२०१८ मध्ये जगातल्या फक्त ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला आणि विमानांच्या कार्बनपैकी निम्मा एका टक्का लोकांच्या खात्यावर जातो, असं संशोधकांनी मांडलं आहे. भारतातले १६ कोटी म्हणजे १६ कोटी माणसं नव्हेत, तेवढ्या फेऱ्या. महिन्यातून चार वेळा उडणारा त्यात चारदा मोजला जातो. डोंबिवलीची लोकल पकडणाऱ्या बहुतेकांचा या कराशी थेट संबंध येणार नाही.

तरी आयुष्यात पहिल्यांदा आईवडिलांना विमानाने काशीला नेणाऱ्या मुलाकडून आणि दर आठवड्याला बिझनेस क्लासने सिंगापूरला जाणाऱ्याकडून सारखाच दर घेणं बरं नाही. बिझनेस क्लासची एक खुर्ची साध्या दोन-तीन खुर्च्यांची जागा खाते, म्हणून तिचा कार्बनही तेवढ्या पटीने धरला पाहिजे. जीएसटीत ही दिशा आहेच: साध्या वर्गाला ५ टक्के, वरच्या वर्गाला २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के. जून २०२५ मध्ये फ्रान्स, स्पेन, केनिया, बार्बाडोस अशा देशांनी वरच्या वर्गाच्या प्रवाशांवर आणि खासगी विमानांवर कर लावण्यासाठी गट केला. केनिया त्यात आहे, म्हणजे हा विचार फक्त श्रीमंत देशांचा उरलेला नाही.

"पैसा तिजोरीत मुरणार"

या शंकेला माझ्याकडे गोड उत्तर नाही, कारण अनुभव तसाच आहे. २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. पैसा सौर-पवन ऊर्जेच्या निधीत जायचा होता. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर राज्यांची महसुली तूट भरण्याकडे वळवला गेला. विमानांच्या बाबतीत असंच व्हायचं नसेल तर खर्चाची जागा कायद्यातच लिहावी लागेल.

आणि ती जागा उघड आहे: स्वच्छ इंधन. वापरलेलं तेल, उसाचं इथेनॉल, शेतातला काडीकचरा यांपासून एटीएफसारखंच इंधन बनतं, त्याला सॅफ म्हणतात. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला असं मिश्रित इंधन भरून एक प्रवासी विमान गेलं, ते इंधन पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या सहभागाने तयार झालं होतं. पण २०२४ मध्ये जगातल्या विमान इंधनात सॅफ फक्त ०.३ टक्के होतं, कारण भाव कित्येक पट. भारताचं उद्दिष्ट परदेशी उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्के आहे. उसाला लागणारं पाणी बघता, मराठवाड्याचा ऊस विमानात भरायचा विचार मला मुळीच पटत नाही. ठाण्यातल्या फरसाणवाल्यांच्या आणि वडापावच्या गाड्यांवरच्या कढईतलं जळकं तेल मात्र जरूर गोळा करावं. ते पुन्हा तळणीत जातं तेव्हा पोटाला अपाय करतं, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते बायोडिझेलसाठी गोळा करायची योजना २०१८ मध्येच आणली आहे.

२०२७ मध्ये काय बदललेलं दिसेल

देशांतर्गत तिकिटात कोर्सियामुळे काहीच बदलणार नाही, ती योजना फक्त आंतरराष्ट्रीय उड्डाणांची आहे. परदेशी तिकिटात 'कार्बन' नावाची वेगळी ओळ दिसेलच असंही नाही; क्रेडिटचा खर्च कंपनी मूळ भाड्यात किंवा इंधन अधिभारात मिसळू शकते. भारताचा स्वतःचा कार्बन बाजार २०२३ मध्ये अधिसूचित झाला, पण त्यात सिमेंट, अॅल्युमिनियमसारखे उद्योग घेतले आहेत, विमान कंपन्या नाहीत. रायगडचा व्हॅट मुंबईत ठरतो, उत्पादन शुल्क दिल्लीत आणि एटीएफ जीएसटीत आणायचं की नाही हे राज्यं बसून जीएसटी परिषदेत ठरवतात. टनावरच्या कराचा निर्णय या तीन टेबलांवरून जाईल. पुढचा अर्थसंकल्प वाचताना विमान भाड्याच्या मथळ्यापेक्षा एटीएफची ती एक ओळ शोधा.